पाखरू खात नाही

शुक्रवार, २३ ऑगस्ट १९२९. श्रावण वद्य तृतीया.

पाखरू! माझ्या डब्यावर! दिवेलागणीला माजघरात दिवा ठेवायला गेले तर कुळथाच्या पिठाच्या डब्यावर खुशाल बसलेलं. एवढंसं, तांदळाच्या दाण्याहून जरासं मोठं. फटकन हात मारला तर निसटलं, आणि वाकडंतिकडं उडत वाशात गेलं.

हे मी कुणालाही सांगणार नाही. वहीला सांगते, कारण वही पाणवठ्यावर जात नाही.

पूर्णगडात कुणालाही विचारा, कुळथाचं पीठ कुणाचं? राहीचं. मेतकूट कुणाचं? राहीचंच! बारा वर्षं या घरात नांदते आहे, माझ्या पिठात कधी टोका निघाला नाही की अळी. मी लग्न होऊन आले त्या सालाची तर अजून वाडीत आठवण काढतात. या घरात दर वर्षी पक्षपंधरवड्यात चारपाच पाखरं दिसायचीच. त्या वर्षी एक नाही! बायका म्हणाल्या, नवरीचा पायगुण बघा. मी सोळा वर्षांची, मान खाली घालून ऐकत होते, पण आतून टम्म फुगले होते. माझ्या सासूचं, आयेचं, तेवढं तोंड उतरलेलं. पंधरा दिवस धड जेवली नाही. मला वाटलं, माझ्या हातची आमटी तिला रुचत नाही.

आणि हे पाखरू यायचं तर नेमकं याच साली! गिरगावात सावित्रीबाईंची खाणावळ आहे. आमच्या इकडचे चाकरमाने तिथेच जेवतात. हे गोदीत कामाला, तेही तिथेच. सहा वर्षं माझं पीठ तिकडे जातंय, पण थोडंथोडं. या साली नवरात्रासाठी सहा डबे मागितलेत. सहा! कुळीथ दोन, नाचणी दोन, मेतकूट एक, उपासाची भाजणी एक. ३० सप्टेंबरच्या बोटीनं गेले पाहिजेत. ह्यांनी पत्रात लिहिलंय, "सावित्रीबाई म्हणतात, माल नीट आला तर आणखी दोन खाणावळींत राहीचंच पीठ लावून देते. पण अळी निघाली तर पुन्हा नाव काढू नका."

अळी म्हणे! माझ्या पिठात!

शनिवार, २४ ऑगस्ट

निघाली.

कुळथाचा डबा उघडला. वरवर ठीक होतं. हात घातला तर पिठाच्या गाठी, आणि गाठ उचलली की दुसरी गाठ तिच्या मागोमाग ओढत येते. मधे धागा! कोळ्याचं जाळं पिठात भिजवावं तसं. आत पांढऱ्या अळ्या, डोकं तपकिरी. अख्खा डबा कोंबड्यांपुढे ओतला. कोंबड्यांची दिवाळी झाली, मी मात्र चुलीपुढे बसून रडले.

कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. नागपंचमीला शेजारच्या गोदूबाईची चाळण आणली होती. तिच्या घरी धान्य उघड्या टोपल्यात पडलेलं असतं. पाणवठ्यावर गाठून सांगितलं तिला, तुझ्या चाळणीनं माझं पीठ बाटवलं म्हणून. ती म्हणाली, "बाय माझे, माझ्या चाळणीला भोकं हायत, पाखरं नायत." सगळ्या बायका हसल्या. मला काही हसू आलं नाही. घागर अर्धीच भरून परतले.

आता चोर मुद्देमालासकट पकडून दाखवते!

रविवार, २५ ऑगस्ट

पकडली. एक नाही, दोन. माजघराच्या भिंतीवर शेपटीला शेपटी लावून बसली होती. जरा लाजच वाटली, पण वाटी पालथी घातली वर.

ह्यांनी मुंबईहून आणलेली बिस्किटांची काचेची बरणी रिकामी होती. तीत मूठभर नाचणीचं पीठ, थोड्या कण्या, काजूचे तुकडे घातले आणि दोघांना आत सोडलं. तोंडाला मलमल बांधली. माझे वडील, नाना, मराठी शाळेत मास्तर होते. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. त्यांचं भिंग माझ्या पेटीत आहे. आज काढून पुसलं.

भिंगातून पाहिलं आणि खरं सांगते, वाईट दिसत नाही मेलं. पंखाचा वरचा भाग धुतलेल्या तांदळाच्या रंगाचा, खालचा भाग चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा. मधे गडद रेघ. पंख मिटून बसलं की वाटावं भाताचं तूस पडलंय. म्हणूनच दिसत नाही!

आये विचारत होती, "बरणीत काय गो?" म्हटलं, चोर.

सोमवार, २६ ऑगस्ट

खात नाही! पिठाला तोंड लावत नाही, काजूला नाही, कण्यांना नाही. गुळाचं पाणी काडीनं समोर धरलं, त्याच्याकडेही बघत नाही. दिवसभर काचेला चिकटून बसतं आणि अंधारायला लागलं की फडफड.

मग माझं पीठ खाल्लं कुणी?

बुधवार, २८ ऑगस्ट

अंडी! रव्यापेक्षा बारीक, पांढरट, पिठात मिसळलेली. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत. एका कणीच्या कडेला अकरा मोजली, पुढे डोळे पाणावले. पूर्णगडात ही अंडी पाहिलेली मी एकटीच असणार. पूर्णगडात कशाला, अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात!

शुक्रवार, ३० ऑगस्ट

दोन्ही पाखरं मेली. पाच दिवस बरणीत जगली, तोंडात कणसुद्धा न घेता.

शनिवार, ३१ ऑगस्ट

अंड्यांतून अळ्या निघाल्या. शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा तुटून पडावा एवढ्या. निघाल्या त्या तडक पिठात शिरल्या, आणि खायलाच बसल्या.

आता कळलं! पाखरू निर्दोष. खाणारी अळी. आम्ही बायका जन्मभर पाखरामागे फडकं घेऊन धावतो, एक मारलं की हात झटकतो, झालं काम! आणि ते आपलं अंडी घालून मोकळं झालेलं असतं. नानांना हे सांगायला हवं होतं. ते म्हणाले असते, राही, पाटीवर लिहून ठेव. लिहून ठेवलं, नाना.

शनिवार, ७ सप्टेंबर. गणेश चतुर्थी.

हे आले नाहीत, रजा नाही. मोदक एकवीस झाले, एकही फुटला नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

अळ्या आता नखाएवढ्या. काही मळक्या पांढऱ्या, काजूपाशी राहतात त्या जरा गुलाबी. जाईल तिथे धागा सोडत जातात. पिठाची नळी करून तिच्यात राहतात, तोंड बाहेर काढून खातात, की परत आत. घरात बसून जेवायचं, बाहेर पडायचं नाही. आमच्यापेक्षा बरं चाललंय त्यांचं.

गोदूबाई अजून बोलत नाही. न बोलू दे.

बाकीचे डबे तपासले. नाचणीच्या एका डब्यात धागा, मेतकूट बिघडलेलं. भाजणी अजून केलेलीच नाही, ते बरं. अख्खं धान्य वरच्या माळ्यावर कणगीत आहे, ते स्वच्छ. म्हणजे सगळं पुन्हा दळायचं. हात आहेत, जातं आहे, सोळा दिवस आहेत. पण दळून ठेवायचं कुठे? या माजघरात? इथे तर पुन्हा लागेल!

गुरुवार, १९ सप्टेंबर. पक्ष सुरू.

आजपासून पंधरा दिवस आयेचं राज्य. घरात पाखरू मारायचं नाही.

हे लिहून ठेवते, कारण नीट कधी लिहिलं नव्हतं. माझे सासरे गलबतावर तांडेल होते. वीस वर्षांपूर्वी मंगळूरहून कौलं घेऊन येताना गलबत बुडालं. ते सापडले नाहीत, त्यांना अग्नी मिळाला नाही. जाताना म्हणाले होते, "माझा तांदूळ काढून ठेव, आल्यावर जेवतो." आयेनं एका मडक्यात तांदूळ काढून ठेवला. तो राहिला तसाच. तिनं मडकं शिंक्यात घालून माजघरात टांगलं, त्यांची टोपी खुंटीवर असते तिच्या शेजारी. दर सर्वपित्री अमावास्येला त्यातला तांदूळ बदलते. वर्षभर त्या मडक्याला दुसरं कुणी हात लावत नाही, मीसुद्धा नाही.

आणि पक्षात पाखरू येऊन त्या टोपीवर बसतं. आये म्हणते, तो आला. रोज तिन्हीसांजेला खुंटीखाली पानावर भात ठेवते. मी आले त्याच्या पुढल्या वर्षापासून हे बघते आहे. मी त्यांना "आयेची पाखरं" म्हणते. ती पितरांची. पिठातली वेगळी, असंच मी धरून चालले होते.

शुक्रवार, २० सप्टेंबर

बरणीतली एक अळी पीठ सोडून काच चढायला लागली! भरपेट खाऊन झालं की पिठात राहायचं नाही, वर जायचं. दुपारपर्यंत आणखी चार चढल्या. आणि एक तर मलमल कुरतडून बाहेर! बघता बघता भिंतीवरून वाशाच्या खाचेत गेली आणि तिथे स्वतःभोवती धागा गुंडाळायला लागली.

म्हणजे नुसता डबा रिकामा करून उपयोग नाही. कोष बाहेर असतात, डब्याच्या झाकणाच्या घडीत, वाशात, भिंतीच्या भेगेत. फडक्यानं तोंड बांधलं तर फडकं कुरतडतात. हे मी शोधून काढलं! चौथी पास राहीनं, एका बिस्किटाच्या बरणीत!

रविवार, २२ सप्टेंबर

आज टोपीवर पाखरू बसलं. आयेनं मला हाक मारली, "राही, बघ गो, तुझा सासरा आला." तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

मी भिंग घेऊन जवळ गेले नाही. जायची गरजच नव्हती. खाली तांब्याचा रंग, मधे गडद रेघ.

आयेला म्हटलं, आये, हे पाखरू खात नाही. मी बरणीत पाहिलंय, अन्नाला तोंडच लावत नाही. बोलून गेले आणि जीभ चावली. रोज पान मांडते बिचारी. पण ती शांतपणे म्हणाली, "नसेल खात. तो काय जेवायला येतो? बघायला येतो."

माझा एवढा मोठा शोध, आणि तिला त्याचं काहीच नाही!

मंगळवार, २४ सप्टेंबर

सापडलं. न सापडतं तर बरं होतं.

सकाळी नाचणीच्या रिकाम्या डब्याच्या झाकणावर एक अळी लोंबकळत उतरली. धाग्यावरून, वरून खाली. वर पाहिलं तर शिंकं. आये देवळात गेली होती. पाटावर पाट ठेवून चढले. बारा वर्षांत पहिल्यांदा मडक्यात डोकावले.

तांदूळ असा नाहीच उरला. जाळी. वरपासून जाळ्याचा थर, त्यात भुसा, अळ्या, रिकामे कोष, मेलेली पाखरं. दर वर्षी इथेच निपजतात. इथूनच निघतात आणि हातभर लांब असलेल्या टोपीवर जाऊन बसतात. दुसरीकडे कुठे बसतील? आये ज्याची वर्षभर वाट बघते तो तिच्याच मडक्यातून येतो!

आणि माझे डबे? पाऊस लागेपर्यंत स्वयंपाकघरात होते. यंदा तिथे कौल फुटून गळायला लागलं म्हणून मी ते माजघरात आणले. बरोब्बर शिंक्याखाली, माझ्या हातांनी. गोदूबाईच्या चाळणीत काही नव्हतं, फक्त भोकं होती.

उतरताना पाट सरकला, गुडघा फुटला. कुणाला सांगितलं नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर

दिवसभर एकच विचार. पाच दिवस राहिलेत. मडकं उकळत्या पाण्यात घातलं, वासे कढत पाण्यानं धुतले, माजघर सारवलं, की माझं पीठ वाचलं. तीन खाणावळी! मुंबईत लोक म्हणतील, पूर्णगडच्या राहीचं पीठ. मडकं पडलं, फुटलं, एवढं सांगितलं की झालं. चुलीवर हंडा ठेवला होता. पाणी उकळलंही.

पण मडकं गेलं की पाखरू गेलं. पुढल्या वर्षी टोपीवर कुणी येणार नाही, त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. आये पानावर भात मांडून बसेल.

हंडा उचलायला गेले तर माजघरातून तिचा आवाज. टोपीपाशी बसून ती पाखराशी बोलत होती. कौल फुटलंय, गाय आटलीय, पोराला रजा मिळाली नाय. आणि मग म्हणाली, "सून सहा डबे पीठ पाठवत्येय ममईला. सहा! असली सून अख्ख्या पूर्णगडात नाय. तू बघायला हवा होतास रे तिचा हात."

बारा वर्षांत माझ्या तोंडावर एकदा "बरं झालंय" म्हणालेली नाही ही बाई! आमटी चांगली झाली तर दुसऱ्यांदा वाढून घेते, बस्स. आणि त्यांच्यापाशी माझी एवढी बढाई मारते!

हंडा उतरवला. त्या पाण्यानं अंघोळ केली आणि अंघोळीत रडून घेतलं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

मडकं हलणार नाही. मग पीठ हललं पाहिजे. आमच्या घरात दुसरी कोरडी खोली नाही. वाडीत कोरडी, उंच, धुराची ऊब असलेली जागा एकच आहे. गोदूबाईचा माळा!

गेले तिच्याकडे. ती नारळ सोलत बसली होती. वर बघितलं नाही. म्हटलं, गोदूबाई, चूक माझी. तुझ्या चाळणीत काही नव्हतं. "कुठं होतं मग?" असं तिनं विचारलं. मडक्याचं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत आयेच्या कानावर गेलं असतं. म्हटलं, माझ्याच घरात, माझ्याच हलगर्जीपणानं. हा शब्द माझ्या तोंडून निघाला! माझ्या!

ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? पाणवठ्यावर बोललीस, पाणवठ्यावरच सांग."

संध्याकाळी सांगितलं, मोठ्यानं, सात बायकांसमोर. कान तापले होते. रामाची हौसा मुद्दाम म्हणाली, "काय गो, ऐकू नाय आलं." पुन्हा सांगितलं. गोदूबाईनं माझी घागर उचलून माझ्या कमरेवर दिली आणि म्हणाली, "चल, माळा झाडून ठेवलाय सकाळीच."

शनिवार, २८ सप्टेंबर

दोन दिवस दळते आहे. गोदूबाई जात्याला हात लावते. गाते बेसूर, दळते मात्र बारीक.

आता माझी रीत लिहून ठेवते, पुढे कुणाला तरी लागेल. कणगीतलं धान्य गेल्या आठवड्यातच अंगणात कडक उन्हात दोन दिवस घातलं होतं. कुळीथ भाजला, नाचणी भाजली, डाळी भाजल्या. भाजणीची वरी आणि राजगिरा वेगळा भाजला, उपासाचं आहे. गरमीत अंडं टिकत नाही, ते मी बरणीतला एक कण तव्यावर शेकून पाहिलंय, त्यातून काही निघालं नाही. डबे उकळत्या पाण्यातून काढले, झाकणाची घडी काडीनं कोरून साफ केली. नव्वद वेळा पुसलं असेल, गोदूबाई म्हणाली, "पत्रा झिजेल गो!" झाकणावर फडकं नाही. मेण. वितळवून चारी बाजूंनी ओतलं. कुरतडू दे आता मेणाला!

आयेला सांगितलंय, माजघरात ओल येते म्हणून पीठ गोदूबाईकडे ठेवलंय. तिनं नुसतं माझ्या गुडघ्याच्या जखमेकडे बघितलं आणि हळद आणून दिली.

सोमवार, ३० सप्टेंबर

गेले! सहाच्या सहा! गोदूबाईच्या पोरानं, सदूनं, दोन खेपांत डबे बंदरावर नेले. मी बरोबर गेले. पडावात चढवताना खलाशी म्हणाला, "काय आहे यात? सोनं?" म्हटलं, त्याहून जपून ने. पडाव बोटीला लागेपर्यंत उन्हात उभी राहिले. डोळ्यांसमोर चमकत होते माझे डबे.

सातवा, लहान डबा मी गोदूबाईच्या माळ्यावरच ठेवून दिलाय, त्याच दळणाचा, त्याच मेणाचा. घरी येताना उघडून भिंगानं बघितला. धागा नाही, गाठ नाही. पीठ बोटांतून असं सुळकन निसटलं! सावित्रीबाईंनी खुशाल चाळावं, पाखडावं. मी इथे पाय ताणून झोपणार आहे.

नाना, तुमची राही मास्तरीण झाली असती.

मंगळवार, १ ऑक्टोबर

बरणीत पहिलं पाखरू निघालं. सकाळी कोष फुटलेला, पंख चुरगळलेले, मग हळूहळू सरळ झाले. अंड्यापासून पाखरापर्यंत चौतीस दिवस! आता हे आठवडाभर जगेल, काही खाणार नाही, अंडी घालेल, मरेल. सगळं मला पाठ आहे. या पाखराबद्दल माझ्याहून जास्त ठाऊक असलेलं माणूस या गावात नाही.

बरणी उद्यानंतर उकळत्या पाण्यात. पक्षात नको.

बुधवार, २ ऑक्टोबर. सर्वपित्री अमावास्या.

आयेनं मडकं उतरवलं. मला वाटलं ती आतली जाळी बघून हबकेल. मुळीच नाही. वरचा तांदूळ सुपात काढला, तळाचा मूठभर तसाच ठेवला, अळ्यांसकट. त्यावर नवा घातला. मी म्हटलं, आये, तळाचा राहिला. म्हणाली, "राहू दे. तो काढला की पुढल्या वर्षी येत नाय. एकदा मडकं पार धुतलेलं मी. तू नवरी होऊन आलीस त्या साली. म्हटलं, घरात पाखरं बघून नव्या पोरीच्या पायगुणाला बोल नको लागायला."